मत माणसाचे, जनावराचे नव्हे



या सदरात आम्ही घरखर्च, मुलामुलींचे शिक्षण, पतपेढीचे कर्ज, बचत गटाचा हिशेब असे विषय घेत असतो. यावेळी लोणी आणि चीज हा विषय घेतला आहे. अर्धा लिटर दुधात चार माणसांचा चहा आणि लहानग्याचे दूध भागवणाऱ्या घरात लोण्याचे काय काम, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण आज वस्तीच्या नाक्यावर वडापावातही चीज पडते, मुले ते मागतात आणि पैसे आपण देतो. जी वस्तू आपल्या खिशातून पैसे नेते ती कोण बनवतो, कशी बनवतो आणि तिचा नफा कोणाच्या घरी जातो, हे कष्टकरी माणसाने जाणून घेतले पाहिजे. शिवाय दूध, लोणी, तूप या वस्तूंचा आपल्या समाजाच्या मानापमानाशी जुना संबंध आहे. तेथूनच सुरुवात करू.

तूप वाढण्याचा गुन्हा

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नोंदविली आहे. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यातील ही घटना. तीर्थयात्रा करून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण दिले. पंगतीत त्याने तूप वाढले. एवढे कळताच शेकडो हिंदू लाठ्या घेऊन चालून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना झोडपले. लोकांना भरल्या ताटावरून उठून जीव घेऊन पळावे लागले. यजमानाने तूप वाढले आणि पाहुण्यांनी ते खाल्ले, हाच त्यांचा गुन्हा. तूप त्याच्या स्वतःच्या पैशाचे होते, पण पैसा असला तरी दर्जा नव्हता!

म्हणजे तूप ही नुसती खाण्याची वस्तू नव्हती. कोणी खावे आणि कोणी खाऊ नये हे ठरवून समाजाची उतरंड राखण्याचे ते एक साधन होते. दुसऱ्या बाजूनेही दार बंदच होते. आपल्या हातचे दूध-लोणी बाजारात कोण घेणार? विटाळ ना! मेलेले ढोर ओढायचे काम आमच्या वाडवडिलांचे, आणि त्याच जनावराच्या जिवंतपणी दुधाचा धंदा मात्र दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती.

म्हणून आज आम्ही एका दूरच्या देशाच्या लोण्याची हकिकत सांगणार आहोत. त्या देशात अस्पृश्यता नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो. उगाच बरोबरी करण्यात अर्थ नाही. परंतु तेथेही लोण्याला दोन दर्जे होते. तेथील गरीब शेतकऱ्यांनी ते दर्जे कोणाची दया न मागता मोडून काढले. त्यांनी ते कसे केले, हे आपल्या कामाचे आहे.

जमीनदाराचे लोणी आणि कुळाचे लोणी

हा देश म्हणजे डेन्मार्क. युरोपच्या उत्तरेचा, महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान देश. १७३३ साली तेथे असा कायदा आला की शेतकरी कुटुंबातील तरुण पुरुषाने आपल्या जमीनदाराचा मुलूख सोडून जाता कामा नये. ही बंधने तोडण्याचा कायदा १७८८ साली झाला. आपल्याकडे महार वतनाच्या नावाखाली गावाची वेठबिगारी पिढ्यान्पिढ्या चालली. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. बंधन सुटले तरी मागे गरिबी उरते, हा अनुभव त्यांनाही आला आणि आपल्यालाही आला.

एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे लोणी इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागले. त्यात बड्या जमीनदारांच्या इस्टेटीवरचे लोणी पहिल्या प्रतीचे मानले जाई आणि लहान शेतकऱ्याचे लोणी हलक्या प्रतीचे. दरात मोठा फरक पडे. लहान शेतकऱ्याचा हात वाईट होता काय? मुळीच नाही. कारण निराळेच होते, ते नीट समजून घ्या.

त्या काळी धारोष्ण दूध पसरट भांड्यांत ओतून थंड जागी एक-दीड दिवस ठेवीत. साय वर येई, ती काढून घुसळीत. ज्याच्याकडे शंभर गाई, त्याच्याकडे रोजची पुरेशी साय. त्याची थंड दगडी खोली, बर्फाचा साठा, त्या कामासाठी नेमलेली जाणकार बाई, सगळे होते. ज्याच्याकडे दोन-तीन गाई, त्याला सायीसाठी आठवडा थांबावे लागे. तोवर पहिली साय आंबूस होई. ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, धुरात आणि कांद्याच्या वासात साठवली जाई. पुढे व्यापारी दहा घरांचे दहा तऱ्हेचे लोणी गोळा करून एका पिंपात दाबी. असे लोणी पहिल्या प्रतीचे कसे होणार? ही खोट जन्माची नव्हती, साधनांची होती. पण बाजार मात्र म्हणे, कुळाचे लोणी असेच असायचे!

आपल्या मुलांविषयी असेच बोलणारे लोक आम्हास भेटतात. एका खोलीत सहा माणसे, अभ्यासाला जागा नाही, शिकवणीला पैसे नाहीत, आणि निकाल लागला की म्हणावयाचे, यांच्यात मुळातच कमी आहे. लोण्याच्या त्या दोन दर्जांची गोष्ट आम्हास म्हणूनच महत्त्वाची वाटते.

यंत्र आले, पण एकट्यासाठी नव्हे

१८६४ सालच्या युद्धात डेन्मार्क हरला आणि त्याचा बराच मुलूख गेला. पुढे अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि धान्य विकून जगणारा डॅनिश शेतकरी अडचणीत आला. शेतात पिकवलेले विकून भागेना, तेव्हा ते जनावराला घालून दूध-लोणी विकावे, असा विचार पुढे आला.

नेमके याच वेळी एक नवे यंत्र निघाले. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी दुधातून साय सतत वेगळी काढणारे यंत्र तयार केले, आणि त्याच सुमारास डेन्मार्कमध्येही तशी यंत्रे बनू लागली. आपल्याकडे डेअरीत त्याला सेपरेटर म्हणतात. आत एक भांडे अतिशय वेगाने फिरते. दुधातला जड भाग कडेला फेकला जातो आणि हलकी साय मध्ये राहते. दोन्ही वेगवेगळ्या तोट्यांतून बाहेर पडतात. एक-दीड दिवसाचे काम काही मिनिटांत होते. साय ताजी मिळते आणि उरलेल्या दुधात स्निग्धांश फारच थोडा शिल्लक राहतो, म्हणजे तेवढ्याच दुधात लोणी जास्त निघते.

पण यंत्र महाग. ते चालवावयास वाफेचे इंजिन, इमारत आणि शिकलेला माणूस हवा. दोन गाईवाल्याने हे कोठून आणावे? जमीनदार आणि व्यापारी ते घेऊ शकत होते. यंत्र त्यांच्या हाती गेले असते तर गरिबाला दूध त्यांच्याच दारात, त्यांच्याच भावाने घालावे लागले असते. विज्ञान कितीही चांगले असो, ते कोणाच्या मालकीचे आहे यावर गरिबाचे भले-बुरे ठरते.

येडिंगच्या शेतकऱ्यांनी काय केले

पश्चिम जटलंडमध्ये ओल्गोड गावाजवळ येडिंग नावाचे खेडे आहे. जमीन हलकी, लोक साधे. १८८२ साली तेथील शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीची सामाईक डेअरी काढली. स्टिलिंग अँडरसन नावाचा तरुण दुग्धतज्ज्ञ त्यांच्यासोबत होता. डेन्मार्कची पहिली सहकारी डेअरी म्हणून ती ओळखली जाते आणि आज तिचे संग्रहालय झाले आहे. या आणि हिच्या मागून निघालेल्या डेअऱ्यांचे नियम आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी म्हणून मोठ्या कौतुकाने पाहतो.

पहिला नियम : घरी लागेल तेवढे दूध ठेवून बाकीचे सर्व दूध आपल्याच डेअरीला घालावयाचे. व्यापाऱ्याने चार दिवस जास्त भाव दिला म्हणून तिकडे पळावयाचे नाही.

दुसरा नियम : कर्ज सर्वांनी मिळून, एकमेकांच्या जबाबदारीवर काढावयाचे. तारण देण्याइतकी मालमत्ता एकट्याजवळ नसे, पण सर्वांचा शब्द मिळून बँकेला पुरेसा होई. आपल्याकडे १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्यास सुरुवात केली. तेथेही गटाने परस्परांच्या विश्वासावर कर्ज घ्यावे, हाच विचार आहे.

तिसरा नियम : नफा भांडवलावर वाटावयाचा नाही. ज्याने जेवढे दूध घातले त्या प्रमाणात वाटावयाचा.

आणि चौथा नियम, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत : सभेत मत माणशी एक. डॅनिश भाषेत ‘डोकी’ आणि ‘गुरे’ हे दोन शब्द उच्चाराला जवळजवळ सारखे आहेत. त्यावरून तेथे म्हणच पडली की मतदान डोक्यांवर व्हावे, गुरांवर नव्हे.

हा नियम किती मोठा आहे हे आकडे मांडल्याशिवाय कळणार नाही. समजा, एका गावात पन्नास घरे आहेत. चाळीस घरांत प्रत्येकी एक गाय आणि दहा घरांत प्रत्येकी दहा गाई. गाईमागे एक मत दिले तर दहा श्रीमंत घरांची शंभर मते होतात आणि चाळीस गरीब घरांची मिळून चाळीसच. गरीब माणूस जन्मभर सभेला येईल आणि जन्मभर हरेल. आता माणशी एक मत द्या. चाळीस विरुद्ध दहा! दुधाचे पैसे दहा गाईवाल्याला दहापट मिळतील, ते बरोबरच आहे, कारण त्याने दूधही दहापट घातले. पण चेअरमन कोण, दूध मोजणारा कोण, पगार किती, कर्ज काढावे की नाही, हे ठरवताना त्याचा हात एकच वर जाईल.

घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात आपण एक माणूस, एक मत आणि एक मूल्य हे तत्त्व मान्य करीत आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार आहे. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्षुसंघाचा दाखला दिला. संघात ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, मते मोजण्याचे नियम होते. शलाका म्हणजे काड्या वाटून मतदान होई. म्हणजे डोकी मोजून निर्णय घेण्याची रीत आपल्याला परकी नाही, ती आपल्या धम्माच्या घरातली आहे. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी ती दुधाच्या व्यवहारात आणली एवढेच.

हिशेब चोख, म्हणून संस्था टिकली

आता कोणी म्हणेल, गरीब एकत्र आले की भांडतात. भांडण येथेही होते. सुरुवातीला पैसे दुधाच्या वजनावर मिळत. मग ज्याचे दूध पातळ त्याचा फायदा आणि ज्याचे घट्ट त्याचा तोटा. एखाद्याने पाणी घातले तर भुर्दंड सर्वांना. यावर त्यांनी उपदेश केला नाही, उपाय शोधला. फ्योर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने अनेक नमुन्यांतील सायीचे प्रमाण एकदम तपासण्याचे साधन १८८० च्या दशकात तयार केले. मग दुधाचा भाव त्यातील स्निग्धांशावर ठरू लागला. चोख मोजमाप आले की संशय कमी होतो, आणि संशय गेला की संस्था टिकते. आमचा अनुभव असा की आपली मंडळे विचारांच्या मतभेदाने जेवढी फुटली नाहीत, तेवढी वर्गणीच्या पावतीवरून फुटली!

या डेअरीचे काम कसे चाले? सकाळी गाडी घरोघर फिरून दुधाच्या कॅन गोळा करी. दूध कोमट करून यंत्रात घालीत. साय तापवून, थंड करून, विरजण लावून रात्रभर ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या लाकडी रवीयंत्रात घुसळीत. मग लोणी पिळून त्यातील ताक काढीत, मीठ घालीत आणि पिंपात भरीत. साय काढलेले दूध त्याच कॅनमधून शेतकऱ्याकडे परत जाई. ते डुकरांना घालीत, आणि डुकरांच्या मांसाचाही सहकारी कारखाना १८८७ साली हॉर्सेन्स गावी निघाला. काहीच वाया गेले नाही. गाईच्या शंभर लिटर दुधात साधारण साडेचार ते पाच किलो लोणी निघते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुकानातल्या छोट्या पुड्यामागे किती दूध आहे हे कळेल.

दुधापासून दही, दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप आणि तुपापासून त्याचे सार, ही क्रमवारी दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्तात दृष्टान्त म्हणून आली आहे. प्रत्येक अवस्थेत वस्तूचे नाव बदलते, कारण तिची स्थिती बदलते. भगवंतांच्या काळी लोणी-तूप हे आजारी भिक्षूंच्या औषधातही धरले जाई. त्या संघात कोणाच्या हातचे अन्न चालते आणि कोणाच्या हातचे नाही असा जातीचा प्रश्नच नव्हता.

येडिंगनंतर काही वर्षांतच डेन्मार्कमध्ये शेकडो सहकारी डेअऱ्या निघाल्या आणि १९०० च्या सुमारास त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. १९०१ साली डॅनिश लोण्यासाठी ‘लूर’ म्हणजे प्राचीन रणशिंगाचे एक सामाईक चिन्ह नोंदविण्यात आले. इंग्लंडच्या दुकानात आता पिंपावरचे ते चिन्ह पाहिले जाई. आत दूध जमीनदाराच्या गाईचे की दोन गाईवाल्याचे, हे विचारण्याचे कारण उरले नाही. कुळाच्या लोण्याचा दर्जा असा पुसला गेला.

हान्ने निल्सेन यांचे चीज

आता चीजविषयी, विशेषतः आमच्या माता-भगिनींसाठी. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या उत्तरेस ओवेरोड येथे हावार्तीगोर नावाची शेतवाडी होती. तेथे हान्ने निल्सेन (१८२९ ते १९०३) ही बाई आपल्या नवऱ्याबरोबर शेती करी आणि लोणी-चीज बनवी. चीज उत्तम कसे होते हे शिकण्यासाठी ती युरोपातील इतर देशांत गेली, तेथे पाहून शिकली आणि घरी येऊन प्रयोग करीत राहिली. तिचे चीज राजवाड्यात जाई. तिने इतरांनाही हे काम शिकवले. पुढे १९५२ साली एका डॅनिश चीजला तिच्या वाडीवरून ‘हावार्ती’ असे नाव देण्यात आले आणि ते आज जगभर विकले जाते. एका शेतकरी बाईच्या चिकाटीचे हे स्मारकच म्हणावयाचे.

चीज होते कसे? आपण पनीर करतो तेव्हा उकळत्या दुधात लिंबू पिळतो. चीजसाठी दूध साधारण तीस अंशांपर्यंतच कोमट करतात, त्यात विरजण आणि रेनेट घालतात. रेनेट हे मूळचे वासराच्या जठरातून मिळणारे द्रव्य. आता सूक्ष्मजीवांपासूनही बनते आणि भारतीय कंपन्या बहुधा तेच वापरतात. अर्ध्या-पाऊण तासात दूध थिजते. ते सुरीने कापतात, निवळी काढतात, उरलेला चोथा साच्यात दाबतात, मीठ लावतात आणि थंड खोलीत आठवडे किंवा महिने मुरवतात. दहा लिटर दुधात साधारण एक किलो चीज होते. आपण दुकानात घेतो ते चौकोनी तुकडे आणि चकत्या म्हणजे बहुधा ‘प्रोसेस्ड’ चीज, म्हणजे तयार चीज क्षार घालून पुन्हा वितळवून केलेले. काही स्वस्त मालात तर दुधाऐवजी वनस्पती तेल असते. मुलांना देण्यापूर्वी पुड्यावरचे बारीक अक्षर अवश्य वाचा.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. डेन्मार्कमध्ये लोणी करणे हे पूर्वी बायकांचे काम होते, त्यात त्यांचा अधिकार होता. इंजिन आणि यंत्र आले, पगारी व्यवस्थापक आला, आणि ते पद बहुतेक ठिकाणी पुरुषाकडे गेले. बचत गटाच्या आमच्या भगिनींनी हे विसरू नये. मसाला तुम्ही कुटता, पापड तुम्ही लाटता; उद्या यंत्र आले आणि उलाढाल वाढली की सहीचा अधिकार घरातल्या पुरुषाकडे जाऊ देऊ नका.

शिक्षण आधी, सोसायटी नंतर

हे शेतकरी सभा चालवण्यास आणि हिशेब तपासण्यास कोठे शिकले? डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाने प्रौढ शेतकऱ्यांसाठी लोकविद्यालयांची कल्पना मांडली होती. पहिले लोकविद्यालय १८४४ साली रोडिंग येथे निघाले. हिवाळ्यात शेतीचे काम नसे तेव्हा तरुण तेथे राहात, इतिहास आणि भाषा शिकत, चर्चा करीत. परीक्षा नाही, पदवी नाही; पण चारचौघांत उभे राहून बोलण्याचे बळ येई. सहकारी डेअऱ्यांत पुढाकार घेणारी बरीच मंडळी अशा शाळांतून आलेली होती. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि समाजाला शिका असे आधी सांगितले, त्याचे मर्म येथे दिसते. न शिकता संघटन केले तर त्याची सूत्रे दुसऱ्याच्या हाती जातात.

आपल्याकडे काय घडते

भारतातही सहकारी डेअरीचा मोठा इतिहास आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याच्या भावाविरुद्ध १९४६ साली दूध बंद केले आणि त्यातून आणंदचा संघ उभा राहिला. दूध केंद्रावर सर्व जातींचे लोक एका रांगेत उभे राहतात, असे कौतुकाने सांगितले जाते. ते खरे आहे आणि चांगले आहे. परंतु रांगेत उभे राहणे निराळे आणि संचालकाच्या खुर्चीत बसणे निराळे!

आमच्या सामाजिक कामात आम्ही एक चित्र वारंवार पाहिले आहे. योजनेतून एका कुटुंबाला दोन म्हशी मिळतात. वैरणीला जमीन नाही. दूध घालावयाचे केंद्र दुसऱ्याचे, फॅट लावणारा दुसऱ्याचा. म्हैस आटली की हप्ता थकतो, मग म्हैस विकली जाते आणि कर्जाचा कागद तेवढा घरात राहतो. लोक म्हणतात, यांना धंदा जमत नाही. आम्ही म्हणतो, त्या दोन गाईवाल्या डॅनिश शेतकऱ्यालाही एकट्याने जमला नव्हता.

म्हणून आम्ही कोणाला उठून गाई-म्हशी घ्या असे सांगत नाही. तुमचा धंदा मसाल्याचा असो, शिवणकामाचा असो, कँटीनचा असो की पतसंस्थेचा, त्याला पुढील गोष्टी लावून पाहा. एकट्याने कर्ज काढण्यापूर्वी दहा घरे मिळून काढता येईल का ते पाहा. वजनकाटा, पावती आणि वही सर्वांसमोर ठेवा. मालाची प्रत एकसारखी राखा, कारण एका घरचा वाईट माल दहा घरांचे नाव घालवतो. नफा कामाच्या प्रमाणात वाटा. आणि सभेत प्रत्येकाचे मत एकच असू द्या, मग तो साहेब असो की सफाई कामगार.

जे गावातील दूध सोसायटीचे किंवा कोणत्याही सहकारी संस्थेचे सभासद आहेत त्यांनी आपला हक्क जाणून घ्यावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे सभासदाला एकच मत आहे, भाग कितीही असोत. कलम ७३ ब प्रमाणे व्यवस्थापन समितीवर अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागेची तरतूद आहे. ती जागा कोणाच्या तरी होयबाने भरली जात असेल तर दोष कायद्याचा नाही. वार्षिक सभेची नोटीस मागा, अहवाल वाचा, प्रश्न विचारा. पहिल्या वेळी आवाज कापेल, दुसऱ्या वेळी नाही.

डेन्मार्कची गोष्ट म्हणजे स्वर्गाची गोष्ट नव्हे. ज्याच्याकडे गायच नव्हती तो शेतमजूर या सोसायट्यांच्या बाहेर राहिला. त्या हजारावर डेअऱ्याही आज नाहीत. त्या एकत्र होत गेल्या, २००० साली स्वीडनच्या सहकारी संघाशी मिळून ‘आर्ला’ ही प्रचंड संस्था झाली, आणि आता देशातले बहुतेक दूध तिच्याकडे जाते. संस्था फार मोठी झाली की साध्या सभासदाचा आवाज दूर पडतो. म्हणून तेथे काही ठिकाणी लोक पुन्हा लहान डेअऱ्या काढून हाताने लोणी-चीज बनवू लागले आहेत. एकदा मिळालेला मताचा हक्क आपोआप टिकत नाही, तो वापरत राहावा लागतो.

सांगावयाचे तात्पर्य हे की, चकवाऱ्यात तुपासाठी लाठी उगारली गेली ती आपण दर्जा मागत होतो म्हणून. दर्जा मागून मिळत नाही. ज्ञान, चोख हिशेब आणि एकजूट असेल तर हलका म्हणून हिणवलेला माल बाजार पहिल्या प्रतीच्या भावाने घेतो, हे येडिंगच्या खेडुतांनी दाखविले. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हा लेख कोणीतरी मोठ्याने वाचावा, त्यावर चर्चा करावी, आणि आपल्या गटाची वही त्या दिवशी सर्वांसमोर उघडावी, एवढीच आमची विनंती.

नमो बुद्धाय, जय भीम!